वारा सुटलेलं आभाळ आणि खालची शेतं कशी रंगवायची

आषाढात दिवे घाट चढून सासवडकडे गेलात की पश्चिमेकडून ढग नुसते पळत असतात आणि खाली बाजरीच्या रानांवरून त्यांच्या सावल्या सरकत जातात. हे ॲक्रेलिक रंगात रंगवायचं तर ब्रश उचलायच्या आधी वारा कुठून कुठे चाललाय ते ठरवा आणि बोर्डाच्या कडेला पेन्सिलीने बाण काढून ठेवा. पुरंदर समोर ठेवून बसलात तर वारा साधारण उजवीकडून डावीकडे येतो. जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश निसर्गचित्रकाराने 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे स्टडी केले, त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे, ही सवय खरंच लावून घ्या.

बोर्ड आडवा घ्या, शक्यतो एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड), कारण कॅनव्हास वाऱ्यात शीड होतो. जेसोवर (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तर) पातळ बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, हात मारून वाळू द्या, नांगरलेल्या मातीचा रंग आयताच मिळतो, नंतर तो मधेमधे उघडा राहू द्यायचा. क्षितिज खाली, तळापासून पाव भागावर.

आता आभाळ. काळा रंग वापरू नका प्लीज, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा येतो तोच पावसाळी ढगाचा करडा. एक इंची चपटा हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचा) घ्या, खांद्यातून हात फिरवा, मनगटातून नाही, आणि प्रत्येक फटकारा बाणाच्या दिशेनेच. वरचे ढग मोठे आणि जाड रंगात, क्षितिजाकडे येताना लहान, चपटे, पातळ. जो ढग वाऱ्याने फाटतोय त्याची पुढची कड ओल्या रंगातच कोरड्या ब्रशने ओढा, सगळ्या कडा मऊ केल्या तर तो कापूस दिसतो, वारा दिसत नाही!

शेतात पीक, बांधावरचं गवत, बाभळी, सगळं त्याच दिशेला झुकलं पाहिजे, आभाळ एकीकडे आणि पीक सरळ उभं असलं की चित्र मेलंच. बांध मात्र तिरके, आत जाणारे ठेवा. हिरव्यात यलो ओकर (मातकट पिवळा) घाला, ट्यूबमधला हिरवा फार कच्चा वाटतो.

वाऱ्यात ॲक्रेलिक लगेच वाळतं, म्हणून पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा, आणि ईझल (चित्राचा स्टँड) पडू नये म्हणून त्याला वजनाला सॅक लटकवा. ढगांच्या सावल्या घरी आल्यावर, सगळं पक्कं वाळल्यावर, पातळ निळसर ग्लेझने (पारदर्शक थराने) टाका, म्हणजे खालचे फटकारे दिसत राहतात.