वळीव, पाऊस आणि महापूर: घोड्याची बेगमी कशी करावी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर या आपल्या भागात दारोदारी म्हैस असते. घोडा मात्र गावात एखाद्या-दुसऱ्याकडेच: कुणाचा शर्यतीच्या गाडीचा, कुणाचा वरातीचा, कुणी निव्वळ हौसेनं पाळलेला. त्यामुळे घोड्याला काही झालं की शेजारपाजारचे जाणते म्हशीचा इलाज सांगतात आणि नेमका तोच घोड्याच्या जिवावर येतो. घोडा रवंथ करत नाही, त्याला उलटी होत नाही, आणि पोटातला बिघाड काही तासांत हाताबाहेर जातो. वादळात तर धावपळीला वेळच मिळत नाही. म्हणून खालची कामं वळीव सुरू होण्याआधी, म्हणजे एप्रिलपासूनच हातावेगळी करायला घ्या.

पहिलं काम: आपला घोडा धडधाकट असताना मोजून ठेवा

सकाळी घोडा शांत उभा असताना तीन गोष्टी बघा. थर्मामीटरला दोरा बांधून तो गुदद्वारात मिनिटभर धरा. ताप ९९ ते १०१.५ फॅरनहाइटच्या आत हवा. जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा: मिनिटाला २८ ते ४४ ठोके ठीक. बरगड्या बघून श्वास मोजा: मिनिटाला ८ ते १६. हिरडी बोटानं दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हे आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. पुढं कधी नाडी ६० च्या वर गेली आणि घोडा नुसता उभाच असेल, तर डॉक्टरांना फोन करायला दोनदा विचार करू नका.

वजनही काढा, कारण जंताचं औषध वजनावर ठरतं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो येतात.

दुसरं काम: मे महिन्यात टोचणी, नाल आणि दात

धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर दुसरं क्वचितच. वादळात पत्रा कापतो, चिखलात खिळा रुततो, आणि त्या वेळी लस शोधत बसायला सवड नसते. म्हणून धनुर्वाताची लस दरवर्षी पावसाआधीच द्या. पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे एप्रिललाच सुरुवात करायला हवी. रेबीजची लसही डॉक्टरांना विचारून घ्या. शेण तपासायला नेतात तशीच लीदही तपासून घ्या आणि मगच जंताचं औषध पाजा.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे. आपल्याकडे चांगले नालबंद थोडे, आणि लग्नसराईत ते सापडत नाहीत. त्यामुळे तारीख आधीच धरून ठेवा. दातांच्या धारा वाढल्या असतील तर घोडा वैरणीचे बोळे करून टाकतो. तेही याच खेपेला दाखवा.

मे महिन्यात उन्हाचाही विचार हवा. कागवाड-अथणीकडं दुपारी घोडा गाडीला जुंपणं म्हणजे त्याला आजारी पाडणंच. कामं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये अशी समजूत आहे, ती मनातून काढा. थोड्या-थोड्या वेळानं पाणी पाजा, अंगावर सगळीकडं ओता आणि तळव्यानं निपटून काढा, पुन्हा ओता. निवांत असलेला घोडाही दिवसाला २५-३० लिटर पितो, उन्हात कामाला गेला तर दुप्पट. चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज ३० ग्रॅमभर मीठ घाला. घामावाटे मीठ जातं, आणि ते नसेल तर तहानही मरते.

तिसरं काम: वैरण भरणे. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो वाळली वैरण लागते. पावसाचे चार महिने धरले तर सहाशे ते साडेआठशे किलो. भिजून वाया जाईल ते वेगळं. कडब्याचं बुचाड दगडांवर किंवा फळ्यांवर रचा, जमिनीला टेकू देऊ नका. वरून ताडपत्री टाका, पण बाजूनं वारा खेळता ठेवा. चारी बाजूंनी आवळून बांधलेली वैरण आतून घामेजते. पेंडी सोडल्यावर धूळ उडाली, कुबट वास आला, की ती घोड्यासमोर टाकू नका. तीच पेंडी म्हैस पचवेल म्हणून घोडाही पचवेल, असं नसतं. बुरशी लागलेला मका तर अजिबात नको. त्यातल्या विषानं घोड्याचा मेंदूच सडतो आणि त्यावर औषध नाही.

ऊसपट्ट्यात वाडं (उसाचे शेंडे) फुकट मिळतं, हत्तीगवत बांधावर असतं. चव म्हणून थोडं चालेल. पण रोज तेवढंच घातलं तर त्यातली ऑक्झलेटं कॅल्शियम धरून ठेवतात आणि काही महिन्यांनी घोड्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी फुगलेला, पाय लंगडते दिसू लागतात. जोडीला गव्हाचा भुसा घमेलंभर घालाल तर ते आणखी बळावतं. कोवळी, पावसानं नुकतीच फुटलेली ज्वारी दावणीला आणू नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कोंबड्यांचं खाद्य किंवा गाई-म्हशींची गोळी पेंड घोड्याला घालू नका, ओंजळभरही नाही. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं असतात. कोंबडीला ती मानवतात, घोड्याचं हृदय मात्र त्यांनी निकामी होतं. पोल्ट्री आपल्याकडं गल्लोगल्ली झाल्या आहेत. पोतं फुटलं, घोडं सुटलं, की घात होतो. ती पोती कुलपात ठेवा.

पहिल्या पावसानंतरचा हिरवागार चारा बघून घोडा वेडा होतो. त्याला पोटभर सोडू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू आठ-दहा दिवसांत वाढवा. नाहीतर खुरांना जळजळ भरते, घोडा पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभा राहतो, आणि ती अधू चाल आयुष्यभर सुटत नाही.

चौथं काम: वळवाचा वारा सुटण्याआधी गोठा

गोठ्यावर चढून पत्र्याचा प्रत्येक हुक हातानं हलवून बघा. जो सैल लागेल तो बदला, पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागवू नका. वारा उचलतो तेव्हा दगडच खाली येतो. गोठ्यावर झुकलेल्या चिंचेच्या, शेवग्याच्या फांद्या उतरवा. उघड्या वायरी आणि हातानं जोडलेला बल्ब काढा. कुंपणाची तुटकी तार उचला.

पत्रे खरंच भरवशाचे नसतील तर वादळात घोडा आत कोंडण्यापेक्षा मोकळ्या परड्यात सोडलेला बरा. मात्र एकटं झाड आणि तारेचं कुंपण जवळ नको. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, की हातातली दोरी सोडून तुम्ही आधी घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घ्या, ते जवळपास पडणाऱ्या विजेचा इशारा देतं.

पाचवं काम: नदीकाठच्यांनी आजच करायचं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी रात्रीत परड्यात आलं तेव्हा माझी घोडी नायलॉनच्या दाव्यानं खुंटाला बांधलेली होती. पाणी गुडघ्यापर्यंत, घोडी हिसडे देत होती, आणि तिच्याच ओढीनं गाठ अशी आवळली की दोन्ही हातांची नखं उलटली तरी सुटेना. शेवटी बायकोनं ओसरीवरून वैरण कापायचा विळा आणून दिला, त्यानं दावं तोडलं. घोडी वाचली. तिच्या मानेवरचा त्या दाव्याचा वळ नंतर कितीतरी दिवस हाताला लागायचा. तेव्हापासून विळा दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावरच असतो, दावं सुती असतं आणि गाठ एका ओढीत सुटणारी. पावसाळ्यात आगाडी-पिछाडी (पुढची आणि मागची दावी) दोन्ही घालून घोडा बांधू नका. पुरात बांधलेलं जनावर पोहूच शकत नाही.

पाणी कुठून येणार हे आधीच कळतं. दूधगंगाकाठी काळम्मावाडी धरणाच्या विसर्गाकडं, वेदगंगाकाठी पाटगावच्या, कृष्णाकाठी कोयनेच्या आणि घटप्रभाकाठी हिडकलच्या बातमीकडं लक्ष ठेवा. जत्राट-भिवशी, कारदगा-भोज असे सखल बंधारे-पूल सगळ्यांत आधी पाण्याखाली जातात, आणि ते गेले की डॉक्टर पलीकडं अडकतात. म्हणून पूल बुडायच्या आदल्या दिवशी, उजेडात, घोडा चालवत उंच जागी न्या. कुठल्या पाहुण्याच्या वस्तीवर न्यायचा हे मे महिन्यातच ठरवा. टेम्पोत चढायची सवयही तेव्हाच लावा: फळीवर गोणपाट, आत चंदी, रोज थोडा वेळ. पाऊस कोसळत असताना न चढलेला घोडा चार माणसांना ऐकत नाही.

सोबत न्यायचं: जादा म्होरकी, दोन दावी, विळा, टॉर्च, जखमेचं औषध, पट्टी, तीन दिवसांची वैरण आणि पिण्याचं पाणी. एका घोड्याला दिवसाला चाळीस लिटर धरलं तर पिंपभर लागतं. पुराचं पाणी पाजू नका. घोड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये ठेवा आणि खुरावर ऑइलपेंटनं आपला नंबर लिहा.

सहावं काम: पावसाचे चार महिने, रोज दहा मिनिटं

खूर रोज कोरा. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडला, त्याला घाणेरडा वास आला की खूर कुजायला लागलंय. पाय कोरड्या मुरमावर आणा, तिथला चिखल थांबवा, नालबंदाला दाखवा. ओल्या अंगावर झूल टाकू नका, पाठीवर खपल्या धरतात आणि त्या केसांच्या झुपक्यासह निघतात. एकाचा खरारा दुसऱ्याला वापरू नका. माशांसाठी कडुलिंबाचा धूर बंद गोठ्यात करण्याची रीत म्हशीपुरती ठेवा. घोड्याची फुप्फुसं धुरानं लगेच धरतात. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज, घोडा वाळत चालला, असं दिसलं तर गोमाशीनं पसरणारा सर्रा असू शकतो. रक्ताची तपासणी मागा.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा बाजारातून नवा घोडा आणला तर तीन आठवडे वेगळा ठेवा, बादलीही वेगळी. नाकातून चिकट स्राव आणि पायावर गाठी दिसल्या तर हातमोजे घालून बाजूला व्हा आणि डॉक्टरांना कळवा. तो शेंबा, म्हणजेच ग्लँडर्स, असू शकतो. तो माणसाला होतो आणि तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

पोट दुखलं तर

घोडा कुशीकडं वळून बघतो, पाय आपटतो, वारंवार लोळतो, लीद टाकत नाही. चारा-चंदी उचला, जमेल तेवढं हळू चालवा, १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा. नळकांड्यानं तेल, सोडा, काही पाजू नका. म्हशीला पाजतात तसं घोड्याला पाजलं की ते फुप्फुसात जातं. सरकारी दवाखान्यातल्या नव्या माणसाला मराठी येत नसेल तर एवढं कन्नड पाठ असू द्या: ‘कुदुरेगे होट्टे नोवु’, म्हणजे घोड्याचं पोट दुखतंय. ‘लद्दी हाकिल्ला’, म्हणजे लीद टाकली नाही. ‘ज्वर इदे’, म्हणजे ताप आहे. शेवटची लीद किती वाजता टाकली ती वेळ सांगा, भिंतीवरच्या आकड्यांशेजारी आत्ताची नाडी लिहा, आणि डॉक्टर येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी मोजत राहा.