डोंगरातल्या पेटीचा हिवाळा जूनमध्ये येतो: सातेरी जगवताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरातील नवे मधपाळ एकच प्रश्न विचारू लागतात: वेण्णा तलावाकाठी दव गोठू लागले आहे, तर पेट्यांना गोणपाट गुंडाळावे का? प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. पण तो सहा महिने उशिरा विचारला जातो असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या काळात बाहेर उडता येत नाही आणि उडून गेले तरी फुलांत काही सापडत नाही, तो काळ मधमाशीचा हिवाळा. कॅनडात किंवा काश्मीरमध्ये तो बर्फाबरोबर येतो आणि वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात तो मृगाबरोबर येतो. आमच्याकडे डिसेंबरच्या दुपारी चांगले ऊन पडते, सातेरी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी, कामावर जाते आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून झाडांचा फुलोरा सुरू होतो. पेट्या ओस पडतात त्या आषाढ-श्रावणात.

डिसेंबरपुरते सांगायचे तर पेटी वाऱ्याच्या तोंडावर ठेवू नये, तिला सकाळचे ऊन लवकर मिळावे, प्रवेशद्वार थोडे लहान करावे आणि दव वाळून माश्या बाहेर पडू लागेपर्यंत पेटी उघडू नये. सशक्त वसाहतीला एवढे पुरते. आता मूळ विषयाकडे येतो.

थंड देशांतील सल्ला वाचून तो जसाच्या तसा येथे लावणे, ही पहिली चूक. तिकडे पाळतात ती मेलिफेरा जातीची माशी; भारतात तिचा जम बसला तो १९६० च्या दशकात, हिमाचलमधील नगरोटा येथे. बाहेरचे तापमान सुमारे १४ अंशांखाली गेले की या माश्या एकमेकींना बिलगून घट्ट गोळा बनवतात, राणी अंडी घालणे जवळजवळ थांबवते आणि शरद ऋतूत जन्मलेल्या कामकरी माश्या, अंगात साठवलेल्या चरबीच्या व प्रथिनांच्या जोरावर, पाच-सहा महिने जगतात. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, नसल्यामुळे गोळ्याला कमी ऊब पुरते आणि अन्नही बेताने खर्च होते. म्हणून तिकडचा मधपाळ ३० किलोच्या आसपास मध मागे ठेवतो आणि वसंतापर्यंत पेटीला हात लावत नाही. आपल्या डोंगरात जुलैच्या दिवसाचे तापमान विशीच्या आसपास असते. सातेरीची राणी या काळात अंडी कमी घालते, पण पूर्णपणे थांबत नाही, आणि पिलावा आहे तोवर त्याच्याभोवती ३४ ते ३५ अंशांची ऊब राखावीच लागते. ती ऊब मध जाळून मिळते. शिवाय येथे पाच महिने जगणाऱ्या माश्या तयार झालेल्या नसतात. असलेल्या माश्या काही आठवड्यांत म्हाताऱ्या होतात आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या माश्या पावसातच वाढवाव्या लागतात. थोडक्यात, तिकडची वसाहत थांबून राहते आणि आपली मंदावलेल्या गतीने चालूच राहते. चार महिने पेटी बंद ठेवून देवावर सोडणारा माणूस येथे हमखास फसतो.

मेअखेरचा शेवटचा मध

जांभूळ, अंजन, गेळा आणि हिरडा यांचा हंगाम मेअखेरीस आटोपतो आणि वळवाचे ढग दिसू लागले की पोळ्यांतून मध काढणारे मधयंत्र शेवटचे एकदा फिरवण्याचा मोह होतो. मध कोठीतला, म्हणजे पेटीच्या वरच्या कप्प्यातला, मध घेणे योग्यच आहे. पिलावा कोठीतल्या, म्हणजे राणी अंडी घालते त्या खालच्या कप्प्यातल्या, पोळ्यांच्या चौकटींच्या वरच्या पट्टीत माश्यांनी स्वतःसाठी मेणाने झाकून ठेवलेला मध काढणे ही मात्र मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः केली आहे. त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चार पेट्यांतून शेवटचा मध घेतला. भाव चांगला होता आणि आकाश अजून कोरडे होते. आषाढी एकादशीच्या सुमारास पावसाने थोडी उसंत दिली तेव्हा दुसऱ्या पेटीचे झाकण उचलले, तर आतून आवाजच आला नाही. मधल्या दोन पोळ्यांवर तळहाताएवढ्या जागेत माश्या दाटीने चिकटून मेलेल्या होत्या. प्रत्येक माशीचे डोके रिकाम्या घरात खोल गेलेले होते आणि बाहेर फक्त पोटाची टोके, ओळीने. शेवटचा थेंब शोधत त्या घरांत शिरल्या होत्या. हे दृश्य एकदा पाहिले की जूनमध्ये मधयंत्राकडे हात जात नाही.

आता मी प्रत्येक वसाहतीत पूर्ण झाकलेल्या मधाच्या निदान दोन, सशक्त वसाहतीत तीन चौकटी राखतो. पेटीत किती अन्न उरले आहे हे पाहण्यासाठी ती उघडावी लागत नाही. मागच्या बाजूने तळपाटाखाली, म्हणजे तळाच्या फळीखाली, एक हात घालून पेटी बोटभर उचलावी. जूनमध्ये भरलेल्या पेटीचे वजन हाताला एकदा कळले की दर आठवड्याला ते किती उतरले याचा अंदाज हातच देतो. पेटी सहज उचलली जाऊ लागली की त्याच संध्याकाळी पाक द्यायला घ्यावा. पुढच्या उघडिपीची वाट पाहू नये, कारण आषाढात ती उघडीप पंधरा दिवस येत नाही.

पाक कसला, किती आणि केव्हा

सातारा-सांगली हा उसाचा मुलूख. घरात गूळ आणि काकवी हाताशी असते, साखरेपेक्षा गूळ पौष्टिक हे आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेले असते, आणि म्हणून माश्यांनाही गुळाचे पाणी दिले जाते. पण गुळातले जे खनिज माणसाला उपयोगी पडते ते माशीच्या आतड्यात न पचता साठते. माशी पेटीत विष्ठा टाकत नाही, त्यासाठी ती बाहेर उडते. सलग पावसात ते शक्य नसते, तेव्हा हगवण लागते. पेटीच्या दर्शनी भागावर आणि चौकटींवर तपकिरी शिंतोडे दिसले तर प्रथम खाद्याचा संशय घ्यावा. पाक स्वच्छ पांढऱ्या साखरेचाच करावा. पाणी उकळून भांडे चुलीवरून खाली घ्यावे आणि मग साखर विरघळवावी. पाक शिजवत बसू नये आणि त्यात लिंबूही पिळू नये, कारण उष्णता व आम्ल यांमुळे साखरेपासून हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचे द्रव्य तयार होते, ते माश्यांना विषारी असते.

पाकाच्या प्रमाणाबाबतही घोटाळा होतो. पातळ पाकातले पाणी माश्यांना पंखांनी वारा घालून आटवावे लागते आणि जुलैच्या ओल्याचिंब हवेत ते काम त्यांना जड जाते. म्हणून भर पावसात मी दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक देतो. ऑगस्टच्या अखेरीस पिलावा वाढवायचा असतो, तेव्हा समभाग. साधारण वसाहतीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर पुरते. पाक पेटीच्या आत, वर गवताच्या काड्या टाकून द्यावा, म्हणजे माश्या बुडत नाहीत. तो अंधार पडताना आणि सर्व पेट्यांना एकाच दिवशी द्यावा. श्रावणातल्या उन्हाच्या तिरिपेत एकाच पेटीला पाक दिला आणि चार थेंब बाहेर सांडले, की शेजारच्या वसाहती त्या वासावर तुटून पडतात. लुटालूट एकदा सुरू झाली की दुबळी पेटी तासाभरात धुऊन निघते. प्रवेशद्वार दोन-तीन माश्यांपुरते अरुंद करणे हाच त्यावरचा हातचा उपाय. पाक देण्यापूर्वी मध कोठी काढून ठेवावी. साखरेचा पाक विक्रीच्या मधात उतरता कामा नये, याबाबत कोणतीही सवलत नाही. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले; डोंगरातल्या मधावर लोकांचा जो विश्वास आहे, तो आपणा सर्वांच्या पेट्यांवर उभा आहे.

ओल आतूनही येते

पावसापासून पेटी वाचवायची म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतात, फटी चिखलाने लिंपतात आणि गोणपाट गुंडाळतात. एक किलो मध माश्यांनी खाल्ला की त्यातले मूळचे पाणी आणि साखर जळून तयार होणारे पाणी मिळून सुमारे ६५० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने पेटीत सुटते. हवा खेळती नसेल तर ती वाफ थंड झाकणाला लागते, थेंब बनते आणि माश्यांच्याच अंगावर पडते. थंड देशांतही गोठून मरण्यापेक्षा या थेंबांनी भिजून गारठणे जास्त घातक ठरते. म्हणून तेथे पेटीच्या वरच्या बाजूला ऊबदार थर देतात आणि ओलसर हवेला वरून एक लहान वाट ठेवतात. झाकण उलटे करून पाहावे: आतल्या बाजूला मोत्यांसारखे थेंब आणि लाकडावर काळपट बुरशी दिसली, तर पेटी गुदमरते आहे.

छप्पर पत्र्याचे आणि चारही बाजूंनी वीतभर पुढे आलेले असावे. पेटी जमिनीपासून गुडघाभर उंच, पायांच्या घोडीवर ठेवून पुढच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे आत आलेले पाणी प्रवेशद्वारातून निघून जाते. झाकणाखाली काडीएवढी फट पुरते. भिजलेले गोणपाट आठवडाभर वाळत नाही, ते पेटीला थंड करते. पावसाळ्यात ते नकोच. घोडीच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या मात्र रोज पाहाव्या लागतात. त्यांत पालापाचोळा पडून मुंग्यांना पूल मिळतो, आणि मुंग्यांचा त्रास सुरू झाला की सातेरी फार दिवस सहन करत नाही, ती पेटी सोडून जाते.

माश्या कमी, पोळी जास्त

मे महिन्यात आठ चौकटी भरून असलेली वसाहत जुलैत चार-पाच चौकटींवर येते. उरलेली पोळी तशीच आत राहिली तर त्यांवर माश्यांचा पहारा नसतो आणि ज्याच्या अळ्या पोळी पोखरतात तो मेणपतंग तेथे अंडी घालतो. माश्यांनी न झाकलेली पोळी मृगाआधीच काढून घ्यावीत, मेण वितळवावे किंवा पोळी कोरड्या, बंद पेटीत ठेवावीत. तळपाटावरचा कचरा पंधरा दिवसांनी खरवडावा. मेणपतंगाच्या अळ्या त्याच भुश्यात वाढतात.

तीन चौकटींपेक्षा कमी माश्या असलेली वसाहत दयेपोटी वेगळी ठेवण्यात अर्थ नाही. दोन राण्यांपैकी कमी अंडी घालणारी काढावी, मग दोन्ही वसाहतींमध्ये छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून एक कोठी दुसरीवर चढवावी. माश्या कागद कुरतडून बाहेर टाकीपर्यंत दोन्हींचा वास एक झालेला असतो. हे काम मेमध्येच उरकावे. पुष्कळांना पेट्यांची संख्या कमी झालेली आवडत नाही. मला दहा दुबळ्या पेट्यांपेक्षा सहा भरलेल्या पेट्या केव्हाही चालतील.

पेटी सोडून जाण्याआधी सातेरी सूचना देते. पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्या दिसेनाशा होतात, राणी सडपातळ होते, नवी अंडी थांबतात, शेवटचा पिलावा फुटून बाहेर येतो आणि उरलेला मध झपाट्याने संपवला जातो. ही लक्षणे दिसली की राणीद्वार, म्हणजे कामकरी माशी जाईल पण राणी जाणार नाही अशी जाळी, लावून आठवडाभर तिला अडवता येते, पण भूक, मुंग्या किंवा ओल यांपैकी कारण दूर झाले नाही तर अडवून उपयोग नाही.

पेटी रिकामी झालीच तर

रिकामी पेटी लगेच धुऊन ठेवण्याची घाई करू नये, कारण काय झाले हे तीच सांगते. घरांत डोकी खुपसलेल्या माश्या सापडल्या तर उपासमार. मेलेल्या माश्या अगदी थोड्या, पिलावा नाही, मध नाही, पोळी स्वच्छ, असे असेल तर वसाहत निघून गेली. मेणाचे खरखरीत तुकडे तळाशी विखुरलेले आणि घरांची तोंडे फाडलेली असतील तर लूट झाली. एकेका घरात अनेक अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, आणि नरांचाच उंचवट्याचा पिलावा दिसला, तर राणी केव्हाच मेली होती आणि कामकरी माश्या अंडी घालत होत्या. पावसात नव्या राणीला मिलनाचे उड्डाण साधत नाही, म्हणून जून-जुलैत विनाकारण चौकटी उचलून राणीला इजा करणे फार महागात पडते.

अळ्या घरात पाठीवर ताणलेल्या, डोक्याचे टोक काळे पडून होडीसारखे वर उचललेले, आणि चिमट्याने ओढल्यास पाण्याने भरलेली पिशवी अख्खी बाहेर येते, असे असेल तर तो सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती याच रोगाने संपवल्या. त्यावर औषध नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, उलट मधात उतरतात. अशा पेटीतील पोळी जाळावीत, पेटी उकळत्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि तिच्या चौकटी कधीही दुसऱ्या पेटीत घालू नयेत. शंका असेल तर महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे पोळ्याचा तुकडा आणि मेलेल्या माश्या घेऊन जावे, आणि निदान होईपर्यंत बाकीच्या पेट्यांना हात लावण्यापूर्वी आपले हात व हत्यारे साबणाने धुवावीत.