ऊन नव्हे, गोचीडताप

आमच्या सहा वर्षांच्या राणी या कुत्रीचे वजन मे महिन्यात १८ किलोंवरून साडेचौदावर आले, तेव्हा नागपूरच्या उन्हाने ती सुकली असावी असे समजून मी तिला ताक-भात देत राहिलो. तो उशीर मला आजही सलतो. सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांनी प्रथम तिच्या फिकट हिरड्या दाखवल्या. रक्तात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स दोन्ही घटलेले निघाले, आणि तपकिरी गोचिडाच्या चाव्यातून शिरणाऱ्या एर्लिशिया या जिवाणूचे निदान झाले. जुनाट अवस्थेत ताप नसतानाही या आजाराने वजन उतरत राहते, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी किलोमागे रोज १० मिलिग्रॅम या प्रमाणात डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस लिहून दिले. रिकाम्या पोटी उलटी होते, म्हणून मी गोळी जेवणातच देई.

खरे कष्ट घरात होते. गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतींच्या भेगांत काढतो आणि अंडीही तिथेच घालतो, त्यामुळे अंगणातील प्रत्येक फट बुजवून, तिचे अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून, आम्ही दोनदा फवारणी करून घेतली. ऑगस्टअखेर राणी १७ किलोंची झाली. आता दर पंधरवड्याला तिला उचलून मी काट्यावर उभा राहतो, माझे वजन वजा करतो आणि उरलेला आकडा वहीत लिहितो.