बोअरच्या पाण्याचे डाग असे घालवले

आमच्या सांगलीत बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि ती उन्हात वाळली, की बॉनेटवर पांढरी वर्तुळं उमटतात. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ते. शाम्पूने हलत नाहीत, आम्लाने विरघळतात. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं. गाडी सावलीत, पत्रा पूर्ण गार. मायक्रोफायबरचं कापड त्यात भिजवून डागांवर मिनिटभर ठेवलं, अलगद पुसलं आणि लगेच भरपूर पाणी ओतलं. व्हिनेगर रंगावर वाळू द्यायचं नाही, हे फार महत्त्वाचं. बहुतेक डाग तिथेच गेले.

तरी हाताला खरखर लागत होती. गळीत हंगामात कारखान्यांची काजळी आमच्याकडे सगळ्यांच्याच अंगणात येते! त्यासाठी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ वडी, शाम्पूच्या पाण्याने सतत ओला ठेवून फिरवला. कोरडा घासला तर ओरखडे नक्की.

काही डाग रंगात उतरले होते. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे बारीक पॉलिश फक्त तेवढ्याच जागी, हलक्या हाताने. वरून वॅक्सचा पातळ थर. आता धुतल्याबरोबर गाडी कोरडी पुसून घेतो.