352716 हा आकडा हाताने कसा फोडायचा

शिमग्याला आमच्या वाडीत पालखी नाचवायला 21 पोरं तयार होती आणि एका वेळी लागणार होते 10, तर भाचीने विचारलं की मामा, असे 10 जण किती प्रकारे निवडता येतील? उत्तर येतं 352716. पालखी पुढच्या घराकडे गेली तरी आम्ही दोघं ओटीवर बसून हाच आकडा फोडत होतो, म्हणजे मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडत होतो. कॅल्क्युलेटर लागत नाही, कागद-पेन घ्या आणि सोबत करत चला.

आधी शेवट बघा. 16 ला 4 ने भाग जातो म्हणून अख्ख्या आकड्याला जातो, पण 716 ला 8 ने जात नाही, म्हणजे 2 दोनदाच. शेवटी 0 किंवा 5 नाही, तर 5 गेला. आता अंकांची बेरीज, 3+5+2+7+1+6 = 24, म्हणजे 3 ने जातो, 9 ने नाही.

बेरीज काढलीच आहे तर आणखी एक बघून घ्या. अंकांच्या बेरजेनेच ज्या संख्येला भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, आपल्या डहाणूचे, आणि आयुष्यभर शाळामास्तर राहून हे सगळं शोधलं, मला फार अभिमान वाटतो त्यांचा. आपला आकडा मात्र हर्षद नाही, कारण 24 ने जायला 8 ने जावं लागतं आणि ते वर अडलंय.

आता खरी मजा. 7, 11, 13 एका फटक्यात तपासता येतात कारण 7×11×13 = 1001, आणि 1000 हा त्याच्यापेक्षा एकाने कमी. म्हणून आकडा तीन-तीन अंकांत तोडायचा आणि वजाबाकी करायची, 716 − 352 = 364. या तिघांपैकी 364 ला ज्याने भाग जातो त्यानेच मोठ्याला जातो. 364 = 4×7×13, म्हणजे 7 आणि 13 सापडले, 11 नाही.

भागत जा: 4 ने 88179, 3 ने 29393, 7 ने 4199, 13 ने 323. इथे बरेच जण थांबतात, 323 मूळ संख्या वाटते म्हणून. पण 18 चा वर्ग 324, त्यातून 1 गेला की 17×19. झालं, 352716 = 2²×3×7×13×17×19.

विभाजक किती ते घातांकांवरून: प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणाकार, 3×2×2×2×2×2 = 96. एवढे 96 विभाजक एकेक करून शोधायला गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

भाचीने मग विचारलं की 11 का नाही? हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आकडा कसा तयार झाला ते मांडा, वर 21×20×19 असं करत 12 पर्यंत, खाली 10 पासून 1 पर्यंत. वर 11 च्या पाढ्यातलं काहीच नाही, 11 यायच्या आधीच रांग 12 ला थांबली आणि सुरुवात 22 च्या अलीकडून, 21 पासून झाली. 13, 17, 19 वर आहेत आणि त्यांना छाटणारं खाली कोणी नाही, म्हणून ते उरले. 20 आणि 15 मधले 5 मात्र खालच्या 10 आणि 5 ने खाल्ले.

आता एक पोरगा कमी करून बघा, 20 जणांतून 10, आकडा 184756. 756 − 184 = 572 = 4×11×13, बघा 11 आला, कारण या वेळी वरची रांग 11 पर्यंत उतरते.