हलका बेस बॉक्स घ्या, पण मोकळ्या मैदानात ऐकून घ्या

चोपडा तालुक्यातल्या एका गावात हळदीचा प्रोग्राम होता. मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, आणि त्या दिवशी तिच्यासाठी घेतलेला हलका स्पीकर-बॉक्स सोबत होता. शेतातच मंडप, तीन बाजूंना केळी. दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यालाच ऑक्टोपॅडवाला मागे वळला, ‘‘भाऊ, तुना बेस ऐकूच येत नही.’’ मी आवाज आधीच पुष्कळ चढवला होता. बॉक्सच्या जाळीवर हात ठेवला तर आत स्पीकरचा कोन, म्हणजे आवाज काढणारा हलता शंकू, नुसता धडपडत होता, बाहेर येत होती ती फाटकी फडफड. तिसऱ्या गाण्याला कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं बेस धरला. पार्टीमालक मला काही बोलला नाही. त्याच्या पुढच्या दोन सुपाऱ्यांना मला फोन आला नाही, एवढंच.

ऑर्केस्ट्रात नव्यानं बेस वाजवायला उतरणाऱ्यांनी हे नीट समजून घ्या. आपल्याकडे बेसवाला नसला तरी प्रोग्राम होतो, कारण कीबोर्डवाल्याला डावा हात असतो. तुमचा बेस ऐकू आला नाही, तर तुमचं पाकीट वाचवायला मालकाला निमित्त मिळतं.

हलका बॉक्स घ्यायचा निर्णय मात्र चुकीचा नव्हता. माझा जुना बॉक्स म्हणजे 10 इंची चार स्पीकर, वजन 40 किलोच्या वर. छोटा हत्तीतून उतरवताना कंबरेत चमक भरली आणि ऐन लग्नसराईत 3 आठवडे घरी पडून काढले. आजही जिना दिसला की आधी कंबरेला हात जातो. ‘जड बॉक्सशिवाय बेस नाही’ असं सांगणारे उस्ताद तुम्हालाही भेटतील. त्यांचा मान ठेवा, पण त्यांचा बॉक्स कोण उचलतं तेही बघा. अँपेग या कंपनीनं 1969 साली एसव्हीटी हा बेसचा मोठा अँप्लिफायर आणला, तेव्हा मोठ्या स्टेजवरही लोकांपर्यंत बेस पोचवायचं काम बॉक्सलाच करावं लागायचं. म्हणून त्याच्यासोबत 10 इंची आठ स्पीकरचा तो धूड बॉक्स. आज साऊंडवाला तुमची लाइन थेट मिक्सरला घेतो. तुमच्या बॉक्सला स्टेजपुरतं बोलता आलं तरी खूप झालं.

मी फसलो ते वॉटच्या आकड्यात. 10 इंची एकच स्पीकर, मागे ‘500 वॉट’, उचलायला एक हात पुरे. दुकानात वाजवला तर छातीत धमक बसली. पैसे मोजले आणि घरी आलो.

वॉट म्हणजे तो स्पीकर जळण्याआधी किती सोसतो, एवढंच. तो किती मोठ्यानं बोलतो हे त्यात नसतं. त्यासाठी सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघायचा : 1 वॉट दिला तर 1 मीटरवर किती डेसिबल. दर 3 डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. म्हणजे एक बॉक्स 100 चा आणि दुसरा 94 चा असेल, तर पहिला 100 वॉटमध्ये जे करतो त्यासाठी दुसऱ्याला 400 वॉट पाहिजेत. एवढी पॉवर गेली की स्पीकरमधली तांब्याच्या तारेची कॉइल तापते. तांबं 100 अंशांनी तापलं की त्याचा रोध साधारण 40 टक्क्यांनी वाढतो, मग स्पीकर पॉवर घेतच नाही आणि आवाज बसत जातो. जळगावच्या मे महिन्यात तर स्टेजच तापलेला असतो. शिवाय तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली उतरलात की कोनला साधारण चौपट हलावं लागतं. लहान कोन 500 वॉटच्या कितीतरी आधी आपल्या टोकाला जाऊन आदळतो. माझ्या हाताला जाळीतून लागत होतं ते हेच.

आता दुकानातली धमक. ती बॉक्सची नव्हती, भिंतींची होती. लहान खोली खालचे सूर परत फेकते, कोपऱ्यात ठेवलेला बॉक्स आणखी फुगतो. शेतात परत फेकायला काहीच नाही, आणि अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल गेलेच. त्यात माझा बॉक्स 8 ओहमचा (ओहम म्हणजे बॉक्स विजेला किती अडवतो त्याचं माप). बॉक्सला पॉवर देणाऱ्या अँपचे (अँप्लिफायरचे) 500 वॉट 4 ओहमला लिहिलेले होते, 8 ला निम्म्याच्या आसपास मिळतात. हे सगळं छापलेलंच होतं. मी वाचलं नव्हतं.

घाबरू नका. छोटा, खोल बोलणारा आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज देणारा, असा तिन्ही गुणांचा बॉक्स होत नाही. दोनच निवडता येतात. पण आपल्याला फार खोल जायची गरजही नसते. मोकळी ई, म्हणजे बेसची सगळ्यात जाड तार, 41 हर्ट्झला बोलते खरी, पण तिचा भरीवपणा बराचसा वरच्या 82 मधून येतो आणि उरलेलं कान भरून काढतो. निओडिमियम चुंबकाचा 12 इंची एक किंवा 10 इंची दोन स्पीकरचा बॉक्स 15 किलोच्या आसपास मिळतो. स्टेजला तो पुरतो.

पहिला बॉक्स 8 ओहमचाच घ्या. पुढे तसाच दुसरा जोडला की 4 ओहम होतात आणि अँप पूर्ण ताकद देतो. 4 ओहमचे दोन जोडलेत तर 2 ओहम, आणि बऱ्याच हलक्या अँपना ते चालत नाही. अँपच्या मागे किमान आकडा लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय वायर लावू नका.

सुताराकडून डीजेचा स्पीकर टाकून पेटी बनवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पेटीचं आतलं माप आणि पोर्टची, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीची, लांबी त्या स्पीकरशी जुळवावी लागते, नुसतं प्लाय चांगलं असून भागत नाही. हेडफोन लावून व्हिडिओत ऐकलेल्या बॉक्सवरही पैसे लावू नका. त्यापेक्षा गावातल्या जुन्या साऊंडवाल्याला चहा पाजा. माझ्या अनुभवात गिटार शिकवणाऱ्या सरांपेक्षा त्यानंच जास्त शिकवलं.

विकणाऱ्याला स्पष्ट सांगा : बॉक्स बाहेर, मोकळ्यात ठेवून ऐकणार. मित्राला वाजवायला बसवा आणि स्वतः वीस पावलं लांब जा. मोकळी ई, मग ए, मग पाचव्या पडद्यापर्यंत एकेक सूर. एखादाच सूर फुगत असेल किंवा ई वर कोन फडफडत असेल, तर बॉक्स परत आत ठेवायला सांगा. बाहेर काढू देत नसेल तर घेऊ नका.

तो 10 इंची मी विकला नाही, घरी रियाजाला उत्तम आहे. आता 12 इंची दोन आहेत, दोन्ही 8 ओहमचे. हॉलला एक नेतो, शेतातल्या प्रोग्रामला दोन, एकावर एक उभे, म्हणजे वरचा कानाजवळ येतो आणि आवाज कमी ठेवूनही स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. चोपड्याच्या पार्टीचा फोन अजून आलेला नाही. त्या ऑक्टोपॅडवाल्यानं मात्र परवा यावलच्या प्रोग्रामला मलाच सांगितलं.