उबंटूवर दुसऱ्या खात्यातून माझ्या फाइली उघडत होत्या: शेवटी जमलं

घरात एकच कॉम्प्युटर. त्यावर उबंटू (विंडोजसारखीच, पण लिनक्सवर चालणारी प्रणाली) २२.०४, पण मूळ १८.०४, अपग्रेड करत इथवर आणलेलं. मुलीनं स्वतःच्या खात्यातून लॉगिन केलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं आयकराचं पीडीएफ इथं उघडतंय."

पासवर्ड बदलला. नावाआधी टिंब देऊन फोल्डर लपवलं. एकेका फाइलची परवानगी बदलली, तर नवी फाइल पुन्हा उघडीच. अख्खा रविवार गेला.

कारण शेवटी सापडलं: २१.०४ च्या आधी उबंटू प्रत्येक खात्याचं होम फोल्डर (त्याच्या सगळ्या फाइली ठेवायची जागा) ७५५ परवानगीनं बनवायचं, म्हणजे कुणीही वाचावं. पुढे ७५० झालं, म्हणजे इतरांना बंद, पण अपग्रेड जुन्या फोल्डरांना हात लावत नाही.

आधी मुलीचं खातं: सेटिंग्ज, यूजर्स, अनलॉक, मग 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' बंद. हे चालू राहिलं तर सूडोनं (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं कमांड चालवायची सोय) ती काहीही वाचू शकते, पुढची मेहनत वाया.

मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत): 'एलएस -एलडी /होम/*', यानं होम फोल्डरांच्या परवानग्या दिसतात. माझ्या ओळीच्या पहिल्या दहा अक्षरांत शेवटची तीन 'आर-एक्स' होती, म्हणजे इतरांना वाचायला मोकळं. परवानगी बदलायला 'सूडो सीएचमॉड ७५० /होम/' आणि लगेच जोडून खात्याचं नाव. पुन्हा पाहिलं, तिथं आता तीन आडव्या रेघा. मुलीच्या खात्यातून 'परमिशन डिनाइड'.

सामायिक फोटोंसाठी वेगळा ग्रुप (खात्यांचा गट) केला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करून २७७० दिलं, म्हणजे ग्रुपमधल्यांना सगळं मोकळं, इतरांना बंद, आणि नव्या फाइलीही त्याच ग्रुपच्या. खातं ग्रुपमध्ये घालताना 'यूजरमॉड' कमांडला '-एजी' द्या, ए छोटा, जी मोठा. तो ए विसरलात तर बाकीचे ग्रुप जातात, सूडोसकट. नंतर दोघांनीही लॉगआउट करून परत यायचं.